पाचवा रकाना

सिरियल पोर्ट उघडणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. पुटी घ्या, मिनीकॉम घ्या, नाहीतर कंपनीत कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेलं आणि आता कुणीच हात न लावणारं ते टूल घ्या. सेटिंगच्या खिडकीत पाच रकाने असतात. बॉड रेट, डेटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स आणि सगळ्यात खाली फ्लो कंट्रोल. पहिले चार आपण डेटाशीट उघडून नीट बघून भरतो, कारण ते चुकले तर स्क्रीनवर लगेच कचरा दिसतो. पाचव्यात मात्र 'नन' निवडायचं आणि ओके दाबायचं. का? तर सगळे तसंच करतात. शिवाय टेबलावर चालतं!

माझं म्हणणं असं की त्या पाचांत डोकं चालवायला लावणारा रकाना हा एवढाच आहे. बाकीचे चार म्हणजे समोरच्याने जे लावलंय तेच आपण लावायचं, विषय संपला. पाचव्याचं उत्तर डेटाशीटमध्ये मिळत नाही. तुमचा डेटा काय आहे, घेणारा कधी कामात अडकतो आणि देणाऱ्याला थांबवता येतं का, यावर ते अवलंबून असतं. आणि हे ठरवायचं काम आपण कॉम्बो बॉक्सच्या डिफॉल्टवर सोडून देतो.

"अरे, सिरियल पोर्ट अजून कोण वापरतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी: तुम्हीच वापरता. लॅपटॉपच्या मागचा तो नऊ पिनांचा कनेक्टर गेला, पण फोर-जी मोड्यूल, जीपीएस, ब्लूटूथची चिप, दुकानातला बिलाचा प्रिंटर, विजेचा मीटर ह्या सगळ्यांच्या पोटात यूएआरटी आहेच. 'आयओटी' म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं निम्मं शेवटी दोन तारांवरून एकेक बिट सरकवत असतं.

आता फ्लो कंट्रोल म्हणजे काय हे सोसायटीतल्या कुणालाही विचारा. गच्चीवर टाकी, खाली मोटर. टाकी भरत आली की कुणीतरी मोटर बंद करायला हवी, नाहीतर पाणी गच्चीवरून वाहतं आणि चौथ्या मजल्यावरचे काका सेक्रेटरीला फोन करतात. टाकीत फ्लोट स्विच बसवून त्याची वेगळी वायर मोटरपर्यंत आणली तर ते झालं हार्डवेअर फ्लो कंट्रोल. वरून "बंद कराऽऽ" असं ओरडलं तर ते सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल. आणि 'नन' म्हणजे मोटर चालू करून जेवायला बसणं. टाकी मोठी असेल आणि जेवण लवकर उरकत असेल तर काही बिघडत नाही, हेही खरंच.

तेव्हा टाकी केवढी ते आधी बघू. ११५२०० बॉडला स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटचे दहा बिट. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० नावाची यूएआरटी चिप होती, तिच्यात आलेला बाइट ठेवायला जागा एकच. दुसरा बाइट पूर्ण यायच्या आत पहिला उचलला नाही तर गेला. पुढे १६५५०ए आली, तिच्यात सोळा बाइटांची रांग, म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंदांची सवड. आर्डुइनो ऊनोची लायब्ररी ६४ बाइटांचा बफर देते, त्यात साडेपाच मिलिसेकंद निघतात. एसडी कार्डाला लिहायला सांगितलं आणि ते मधेच स्वतःच्या विचारात हरवलं (हरवतंच!) तर शंभर मिलिसेकंदही सहज जातात. तेवढ्यात अकराशे बाइट आले. ६४ राहिले. बाकीचे कुठे गेले ते कोणी सांगत नाही, कारण ओव्हररन ही अत्यंत गुपचूप होणारी गोष्ट आहे. कचरा दिसत नाही, ओळी नीटच दिसतात, फक्त मधल्या काही नसतात.

टेबलावर हे दिसत नाही. टेबलावर तुमचा प्रोग्राम एकटा चालत असतो, डेटा थोडा असतो आणि तुम्ही समोर बसलेले असता. साइटवर त्याच बॉक्सवर लॉगिंग असतं, नेटवर्क गेलं की रिट्राय असतो, कुणीतरी रिमोटने अपडेट टाकत असतो. मग फोन येतो, "कधीकधी डेटा मिसिंग येतो." ह्या 'कधीकधी'ने आपल्या धंद्यातले किती शनिवार-रविवार खाल्ले असतील!

मग सगळीकडे फ्लो कंट्रोल लावून टाकायचं का? तर नाही. ते लावून वेग वाढत नाही. नळाला येतं त्यापेक्षा जास्त पाणी रोज वापरलं जात असेल तर फ्लोट स्विच काय करणार? घेणारा सरासरीतच कमी पडत असेल तर थांबवून थांबवून तुम्ही तुंबणं फक्त मागे ढकलता. मागे जर थांबता येणारी गोष्ट असेल, उदाहरणार्थ डिस्कवरची फाइल, तर उत्तम. फाइल कुठे पळून जात नाही. पण मागे जर काळच वाहत असेल तर? जीपीएस रिसीव्हर घ्या. एनएमईए ०१८३ चं ठरलेलं बॉड ४८००, दर सेकंदाला काही ओळी, एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची. त्याला "थांब" म्हणून उपयोग काय? गाडी थोडीच थांबणार आहे. पाच सेकंदांपूर्वी आपण कुठे होतो हे रांगेत जपून ठेवण्यापेक्षा जुनी ओळ फेकून ताजी घेणं शहाणपणाचं. इथे 'नन' हेच बरोबर उत्तर आहे, फक्त ते विचार करून दिलेलं असावं. अर्धवट ओळ आली तर चेकसम बघून टाकून द्या, पुढची सेकंदात येतेच आहे. तापमान, कंपनं, वजन असलं काहीही सतत मोजणाऱ्या सेन्सरचं तेच. थांबवलंत तर बाइट तुमच्याकडे हरवण्याऐवजी सेन्सरच्या आत हरवतील, आणि तिथे तर तुम्हाला मोजताही येणार नाहीत.

थांबवायचं ठरलं तर कसं थांबवायचं? इथे नावांचा एक गंमतीशीर गोंधळ आहे. इंजिनिअरिंगला व्हायव्हात "आरटीएस म्हणजे काय?" विचारलं की "रिक्वेस्ट टू सेंड" म्हणायचं आणि मार्क घ्यायचा. आरएस-२३२ आलं १९६० मध्ये, त्याची गाजलेली सी आवृत्ती १९६९ ची. तेव्हा टर्मिनल आणि मोडेम अशी जोडी होती आणि बरेचसे मोडेम एका वेळी एकाच दिशेने बोलायचे. टर्मिनल आरटीएस वर करून म्हणायचं "मला पाठवायचंय", मोडेम आपला कॅरियर चालू करून सीटीएसवर सांगायचा "हां, बोल". उलट दिशेने मोडेमला थांबवायची त्यात सोयच नव्हती! पुढे कॉम्प्रेशन करणारे वेगवान मोडेम आले. फोनच्या तारेवर २८,८००, पण डेटा दाबता येत असेल तर पीसीकडून जास्त वेगाने यायला हवा, म्हणून पीसीकडची बाजू ११५२०० ला बांधून ठेवायची. दोन्ही बाजूंचे वेग वेगळे झाल्यावर थांबवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तेही दोन्ही दिशांनी. मग लोकांनी आरटीएसचा अर्थच बदलला. "मला पाठवायचंय" ऐवजी "मी घ्यायला तयार आहे". स्टँडर्डने १९९१ च्या ई आवृत्तीत 'रेडी फॉर रिसीव्हिंग' असं नाव देऊन हे मान्य केलं, पण पिनवरची पाटी बदलली नाही ती नाहीच. १९९५ मध्ये व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केल्यावर ज्यांनी घरी मोडेमची ती किरकिर ऐकली त्या सगळ्यांच्या मशीनमध्ये हा प्रकार चालू होता. आमच्या पिढीच्या वाट्याला त्यातली फक्त पिनांची नावं आली.

सॉफ्टवेअरवाली पद्धत तितकीच जुनी. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर कागदी पट्टी वाचणारं यंत्र असायचं. डीसी१ हे अक्षर आलं की ते सुरू, डीसी३ आलं की बंद. तेच आजचे एक्सऑन आणि एक्सऑफ, हेक्समध्ये ११ आणि १३, आपल्या नेहमीच्या आकड्यांत १७ आणि १९. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलंत आणि सगळं गोठलं असं झालंय ना? तो हाच एक्सऑफ. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. (टर्मिनल बंद करून नवीन उघडणारे सीनियर मी पाहिले आहेत. नावं सांगत नाही :-) )

एक्सऑन-एक्सऑफचा फायदा म्हणजे जास्तीची तार लागत नाही. तोटा म्हणजे ओरडणं त्याच पाइपातून जातं. १७ आणि १९ ही दोन अक्षरं डेटाची राहत नाहीत. डेटा निव्वळ मजकूर असेल तर ठीक. बायनरी असेल तर काय होतं त्याचा एक नमुना सांगतो, कारण इतका स्वच्छ नमुना पुन्हा मिळायचा नाही.

एका औद्योगिक वसाहतीत वेगवेगळ्या शेड भाड्याने दिलेल्या. प्रत्येक शेडला विजेचा मीटर, असे चोवीस मीटर एकाच आरएस-४८५ च्या तारेवर, मॉडबस आरटीयूने एक लिनक्सचा डबा ते आळीपाळीने वाचणार आणि महिन्याअखेर बिल वाटणार. एक ते सोळा नंबर नीट. सतरा नंबर कधीच उत्तर देत नाही. अठरा नीट. एकोणीसला विचारलं की सगळी लाइनच मुकी. मग वॉचडॉग प्रोग्राम रीस्टार्ट करतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात, त्यामुळे वीस ते चोवीसपर्यंत गाडी पोचतच नाही. शिवाय दर काही फेऱ्यांनी मधेच भलत्याच मीटरवर अडकायचं ते वेगळंच. इलेक्ट्रिशियनने केबल बदलली. टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर बदलला. सतरा नंबरचा मीटर बदलून झाला, नवा मीटरही तसाच. तोवर बिलाचा दिवस आला आणि ऑफिसने सतरा, एकोणीस आणि वीसच्या पुढच्या सगळ्या शेडना मागच्या वर्षीची सरासरी लावून बिलं पाठवली. ज्याची शेड दोन महिने बंद होती त्यालाही. त्याने ऑफिसात येऊन जो आरडाओरडा केला तो रास्तच होता. तारांवर शंका घेणारे सगळे तेव्हा कुठे थंडावले आणि कोणीतरी तारेवर लॉजिक ॲनालायझर लावला. तारेवर सतरा नंबरचं उत्तर अगदी व्यवस्थित येत होतं!

तुमच्या लक्षात आलंच असेल. मॉडबसच्या उत्तराचा पहिला बाइट म्हणजे मीटरचा पत्ता. पत्ता १७ म्हणजे एक्सऑन, १९ म्हणजे एक्सऑफ. लिनक्सच्या टीटीवायमध्ये आयएक्सऑन हा फ्लॅग मुळातच चालू असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने बाकीचे फ्लॅग काढले होते, हा एक राहिला. १७ आला की ड्रायव्हर तो गिळून टाकायचा, फ्रेम एका बाइटने तोकडी, सीआरसी चूक. १९ आला की ड्रायव्हर समजायचा की समोरचा "थांब" म्हणतोय, आणि पाठवणं बंद करून इमानदारीत एक्सऑनची वाट बघत बसायचा. तो येणार कुठून? मीटर विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारणारा तर गप्प. मधेच अडकायचं ते रीडिंगमध्ये नाहीतर सीआरसीमध्ये १९ उमटला की. एक फ्लॅग काढला, सगळं सुरळीत. कुणी 'फ्लो कंट्रोल हवंय' असं ठरवलेलंच नव्हतं. रकाना भरला नाही म्हणजे 'नन' झालं असं धरून चाललो की हे होतं. पुटीतही सिरियलचं डिफॉल्ट 'नन' नसून एक्सऑन-एक्सऑफ असतं, आणि मिनीकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू असतं. तीनच तारांची केबल लावून मिनीकॉम उघडलं की समोरचं सगळं दिसतं पण आपण टाइप केलेलं जातच नाही, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने एम्बेडेडमध्ये काम केलं नाही असं खुशाल समजा.

मॉडबसला खरं तर दोन्हींपैकी काहीच नको. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि एक फ्रेम २५६ बाइटांच्या वर न्यायची नाही, हा नियमच फ्लो कंट्रोलचं काम करतो. तेवढा बफर ठेवला की झालं. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा १९७७ चा एक्समोडेमही तसाच. १२८ बाइट पाठवा, पोच आली की पुढचे १२८. घेणारा डिस्कवर लिहीत असेल तर पोच उशिरा देईल, बस्स. (त्यातही ब्लॉकचे नंबर असतात आणि एकोणिसावा ब्लॉक येतोच, तेव्हा तिथेही आयएक्सऑन नको.) सीएनसी मशिनं चालवणाऱ्या जीआरबीएलमध्ये प्रत्येक ओळीला 'ओके' येतं, आणि पाठवणारा समोरचा १२८ बाइटांचा बफर किती भरलाय ते मोजत पुढच्या ओळी सोडतो. माझं स्पष्ट मत आहे की प्रोटोकॉल तुमच्या हातात असेल तर आधी हे करा. पोच मागा, क्रमांक द्या, सीआरसी लावा. कारण हार्डवेअरचं फ्लो कंट्रोल फक्त ओव्हररनपासून वाचवतं. शेजारी मोठी मोटर सुरू झाली आणि तारेवर खरखर आली तर ते काही करू शकत नाही.

एक्सऑफला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही, कारण दिशेला महत्त्व आहे. दुकानातल्या बिलाच्या प्रिंटरकडे पीसीवरून लोगोचं चित्र जातं, ते बायनरी. पण "थांब" हे प्रिंटर उलट दिशेने म्हणतो आणि त्या तारेवर जवळजवळ काहीच नसतं. एप्सनने तर प्रिंटरच्या स्टेटसचे बाइटही असे आखले की ते १७ किंवा १९ कधी होऊच शकत नाहीत. तिथे एक्सऑन-एक्सऑफ मजेत चालतं. दोन्हीकडून बायनरी वाहत असेल तर मात्र नाहीच.

आणि एक्सऑफची खरी अडचण मला वेगळीच वाटते. ज्याला कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही त्यानेच ओरडायचं असतं! फर्मवेअर अपडेटचं उदाहरण घ्या. एसटीएम३२एफ४ मध्ये १२८ केबीचा फ्लॅश सेक्टर पुसायला एक-दोन सेकंद लागतात आणि त्याच फ्लॅशमधून चालणारा प्रोग्राम तेवढा वेळ गोठतो. इंटरप्ट नाही, काही नाही. ११५२०० ला तेवढ्यात दहा-वीस हजार बाइट येऊन आदळतात. हे आधी माहीत असतं म्हणून पुसायच्या आधी "थांब" सांगता येतं, आणि सांगायलाच हवं. सांगितल्यावर जरा थांबायचंही हवं, कारण मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी येतंच. मधे यूएसबी-सिरियलची चिप असेल तर तिच्या पोटातले थोडेफार बाइट सुटतात, आणि समोर साधा पीसी असेल तर एक्सऑफ ड्रायव्हरपर्यंत पोचेस्तोवर बरेच येऊन पडतात. म्हणून टाकी काठोकाठ भरायच्या आधीच स्विच पडला पाहिजे. पण जिथे गोठणं अचानक असतं तिथे ओरडणार कोण? ईएसपी३२ सारख्या चिपमध्ये १२८ बाइटांची रांग ठरावीक पातळीला आली की आरटीएस आपोआप मागे घेतला जातो, प्रोसेसर झोपलेला असला तरी. ब्लूटूथवाल्यांनी म्हणूनच चार तारांच्या एच४ पद्धतीत आरटीएस-सीटीएस ऐच्छिक ठेवलेलं नाही. त्या प्रोटोकॉलमध्ये एक बाइट हरवला की पुढचं पाकीट कुठे सुरू होतं तेच कळत नाही.

एवढं सगळं असून हार्डवेअर टीमबरोबरच्या मीटिंगमध्ये पहिला बळी ह्याच दोन पिनांचा जातो. "टीएक्स, आरएक्स, ग्राउंड दिलाय की, अजून काय हवंय?" कनेक्टर तीन पिनांचा झाला की बोर्ड छापून येतो, आणि मग सॉफ्टवेअरने काय वाटेल ते करावं अशी अपेक्षा. बफर वाढवा, प्रायॉरिटी वाढवा, बॉड रेट कमी करा. बॉड रेट कमी करणं हा खरं तर वाईट उपाय नाही. ९६०० ला एक बाइट मिलिसेकंदाने येतो आणि बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. पण फोर-जी मोड्यूलवर ९६०० लावून कसं चालेल? तिथे दोन पिना मागाच. भांडून मागा. नंतर त्या मिळत नाहीत.

आणि पिना मिळाल्यावर त्या खरंच जोडा. आपलाच आरटीएस आपल्याच सीटीएसला जंपरने जोडून टाकण्याची एक जुनी युक्ती आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' निवडलेलं दिसतं, रिव्ह्यूमध्ये टिकमार्क मिळतो, आणि प्रत्यक्षात समोरच्याला काही विचारलेलंच नसतं. बंद पडलेलं जुनं यंत्र संध्याकाळपुरतं चालवायला ठीक आहे. ग्राहकाला द्यायच्या मालात हे पाहिलं की माझं डोकं फिरतं, कारण सहा महिन्यांनी तो बॉक्स उघडणारा माणूस सेटिंगवर विश्वास ठेवतो.

तपासायला फार काही लागत नाही. एक-दोन एमबीची फाइल एका बाजूने पाठवा, दुसऱ्या बाजूच्या प्रोग्राममध्ये मुद्दाम चांगली लांब झोप टाका, आणि शेवटी दोन्हीकडचा चेकसम जुळतो का बघा. झोप लांब अशासाठी की लिनक्सचा स्वतःचाही बफर असतो आणि छोटी झोप तो पचवून टाकतो. फाइलमध्ये शून्यापासून २५५ पर्यंतचे सगळे बाइट असू द्या, म्हणजे १७ आणि १९ ची परीक्षाही त्यातच होते. चिपवरच्या सिरियल पोर्टला लिनक्स चुकलेल्या बाइटांची नोंदही ठेवतं. ड्रायव्हरच्या प्रॉक फाइलमध्ये 'ओई' असा आकडा दिसला तर तो ओव्हररनचा. साइटवर गेलात की लॉग मागायच्या आधी तो आकडा बघा.